पोरगं बसतंय, पण मन बसत नाही

– ऊस विकास अधिकारी



या पानावर आम्ही एरवी आपणांशी लागणीचे अंतर, बेणे प्रक्रिया, खोडव्यातील पाचट, हुमणी अशा विषयांवर बोलत असतो. या अंकात विषय निराळा आहे. अभ्यासाला बसल्यावर लक्ष कसे लागावे, हा. ऊस विकास अधिकाऱ्याने यात तोंड घालावे हे काहींना विचित्र वाटेल. आमचे शिक्षण कृषी पदविकेपर्यंतचे. आम्ही मास्तर नाही, मानसशास्त्राचे जाणकार तर मुळीच नाही. परंतु गेले दोन-तीन हंगाम आम्ही पाहतो आहोत, की उसाच्या नोंदीसाठी गट ऑफिसला आलेले सभासद काम आटोपल्यावर खुर्ची पुढे ओढतात आणि जी गोष्ट काढतात ती उसाची नसते, पोरांची असते.

गेल्या माघात असेच एक सभासद आले. त्यांच्या आडसाली उसाला तोड मिळाली नव्हती. आम्हाला वाटले, आता भांडण होणार. तर ते म्हणाले, “सायेब, तोड कवा बी द्या, पर पोराचं काय करू ते सांगा. सांजच्याला सातला बसतंय, अकराला उठतंय. चार तास पुस्तक फुडं असतंय. आन इचारलं तर काय बी सांगता येत न्हाई. मी म्हनलं, मन लाव. ते म्हनतंय, लावतोय की!” पूर्वपरीक्षेत पोरगा गणित व विज्ञान या दोन विषयांत राहिला होता. यंदाच्याला असेच झाले तर शाळा बंद करून ट्रॅक्टरवर बसवतो, असे बोलून ते उठले.

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. कारण आमची थोरली मुलगीही त्याच वर्षी दहावीला होती, आणि “मन लाव, लक्ष दे” हे शब्द आमच्याही घरात दिवसातून चार वेळा ऐकू येत होते. त्यांचा उपयोगही तितकाच होत होता. म्हणून मग आम्ही थोडे वाचले, हायस्कूलच्या शिक्षकांना विचारले, आणि घरातच काही प्रयोग करून पाहिले. त्यातून जे हाती लागले ते पुढे मांडत आहोत.

शेतकी खात्याच्या माणसाला एक खोड असते, मोजल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नाही. उगवण विरळ आहे असे कोणी म्हटले, तर आम्ही सरीत उतरून डोळे किती लावले, कोंब किती आले हे मोजतो, मगच बोलतो. तोच नियम घरी लावला. एका संध्याकाळी सात ते नऊ आम्ही ओसरीवर खिशातली वही घेऊन बसलो, आणि आत अभ्यासाला बसलेल्या मुलीला जितक्या वेळा मान वर करावी लागली तितक्या वेळा एक रेघ ओढली. दोन तासांत तेवीस रेघा झाल्या. धाकट्याच्या पाच, मोबाईलच्या सात, रस्त्यावरून गेलेल्या ट्रॅक्टरच्या दोन, बाईसाहेबांच्या तीन (त्यांतली एक, “गॅस बारीक कर गं”). राहिलेल्या सहा कोणाच्या असाव्यात? आमच्याच. “तांब्याभर पाणी आण.” “माझा चष्मा बघ.” “बातम्या कुठल्या नंबरला लागतात?” म्हणजे सरासरी पाच मिनिटांनी एकदा मुलीचे काम मोडत होते, आणि मोडणाऱ्यांत दुसरा नंबर बापाचा होता. त्याच रात्री जेवताना आम्ही तिला तुझे लक्ष नाही म्हणून बोललो होतो. वही आजही आमच्याकडे आहे.

आता कोणी म्हणेल, पाणी आणायला असा किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. पण हिशेब अर्ध्या मिनिटाचा नाही. मोटार एकदा बंद पडली आणि आपण ती पुन्हा चालू केली, तर पाणी लगेच सरीच्या टोकाला जात नाही हे आपणांस ठाऊकच आहे. आधी पाईपलाईन भरते, मग दंड भिजतो, मग सरी चालू लागते. मनाचे तसेच आहे. सोफी लेरॉय नावाच्या अमेरिकेतील संशोधक बाईंनी २००९ साली यावर निबंध लिहिला. एक काम अर्धवट सोडून माणूस दुसऱ्या कामाला लागला तर त्याच्या मनाचा काही भाग मागच्याच कामात अडकून राहतो, आणि तेवढे दुसरे काम कच्चे होते, असे त्यांना प्रयोगांत दिसले. दर पाच मिनिटांनी मोटार बंद-चालू केली तर टोकाचा ऊस वाळणारच. त्याला उसाने काय करावे?

तेव्हा पहिली दुरुस्ती पोराची नाही, घराची आहे. आम्ही घरात एवढेच ठरवले की सात ते नऊ मुलीला कोणी हाक मारायची नाही. हाक मारायचीच झाली तर कागदावर लिहून ठेवायचे, नऊला सांगायचे. पहिल्या चार दिवसांतच कळले, की लिहिलेल्या दहा गोष्टींपैकी आठ नऊ वाजेपर्यंत आपोआप मिटलेल्या असतात.

मोबाईलचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, कारण शाळेचा गृहपाठ, शिकवणीचे व्हिडिओ, सगळे त्याच्यावरच येते. सरसकट बंदी घातली तर पोर खोटे बोलायला शिकते. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना डोके चालवण्याची कामे दिली. काहींचा फोन समोर टेबलावर पालथा, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत ठेवला. सर्वांच्या फोनचा आवाज बंद होता. तरी ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांचे काम टेबलावर फोन असणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. पुढे इतरांनी हाच प्रयोग करून पाहिला तेव्हा प्रत्येक वेळी तसाच निकाल आला नाही, हेही सांगितले पाहिजे. एका प्लॉटवर आलेले उत्पादन सगळ्या गावात येतेच असे नाही. तथापि फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला खर्च काही नाही आणि नुकसानही काही नाही. आमच्या घरी तो देवळीत ठेवतात. व्हिडिओ पाहायचा असेल तर त्याची वेळ निराळी, पुस्तकाची वेळ निराळी. आणि एक अट मुलीने आम्हाला घातली. “पप्पा, तुमचाही फोन देवळीत.” ती मान्य करावी लागली. तोडणी हंगामात शेतकी खात्याच्या माणसाने दोन तास फोन बाजूला ठेवणे म्हणजे काय, ते आमच्या चिटबॉयना विचारा!

हे एका घराने करण्यापेक्षा गावाने केले तर सोपे जाते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. उसाच्याच पट्ट्यातले. तिथे २०२२ च्या ऑगस्टमध्ये ग्रामसभेत ठराव झाला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद राहतात. त्या दीड तासात पोरे अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात नाहीतर एकमेकांशी बोलतात. कोरोनाच्या काळात शाळा फोनवर भरली, शाळा उघडल्या तरी पोरांच्या हातातून फोन सुटेना, त्यातून ही कल्पना निघाली. सुरुवातीला लोक हसले, घरोघर जाऊन समजूत घालावी लागली. पण यात दंडापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची आहे. सगळ्यांचाच टीव्ही बंद असला की पोराला आपणच तेवढे शिक्षा भोगतो आहोत असे वाटत नाही. आपल्या कार्यक्षेत्रात ज्या गावांत सोसायटी, दूध डेअरी आणि तरुण मंडळ एका विचाराने चालतात, तिथे हे होण्यासारखे आहे. जिथे ग्रामपंचायतीत तीन गट आहेत तिथे भोंगा कोणी वाजवायचा यावरच वाद होईल, हेही आम्ही जाणून आहोत.

घर शांत झाले, फोन देवळीत गेला, म्हणजे काम झाले का? नाही. आता पोराच्या बाजूने पाहू.

एका बैठकीला चार तास बसणे ही आपल्याकडे मोठी कौतुकाची गोष्ट समजतात. वास्तविक त्यात कौतुक करण्यासारखे फार नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या विमानदळात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणारी माणसे काही वेळाने ठिपका समोर दिसत असूनही चुकवत. नॉर्मन मॅकवर्थ या शास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास करून १९४८ साली निष्कर्ष छापले. त्याने माणसांना एका घड्याळासारख्या तबकडीपुढे दोन तास बसवले. काटा ठेक्याने पुढे सरके, मधूनच एकदम दोन घरे उडी मारी. ती उडी दिसली की खूण करायची, एवढेच काम. पहिल्या अर्ध्या तासातच माणसांच्या चुका वाढू लागल्या. अर्धा तास काम, मग विश्रांती, मग पुन्हा काम असे केले तेव्हा नजर पहिल्यासारखी राहिली. ही निवडक, शिकवलेली माणसे होती. आपले पंधरा वर्षांचे पोर त्यांच्यापुढे काय? आपल्या कारखान्यातला पॅनमन पाळीभर काचेसमोर खिळून बसत नाही, तो उठतो, नमुना काढून बोटांवर दाणा बघतो, व्हॉल्व्हला हात लावतो, पुन्हा येतो. म्हणून त्याची नजर टिकते.

तेव्हा पंचवीस ते तीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे उठणे, हा हिशेब ठीक आहे. इटलीतील फ्रान्चेस्को चिरिल्लो हा तरुण कॉलेजात असताना १९८० नंतरच्या त्या दशकात स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावर पंचवीस मिनिटे लावून अभ्यास करी. ती पद्धत आज जगभर चालते. टोमॅटो नसला तरी चालेल, गजराचे साधे घड्याळ पुरे. फोनवर वेळ लावू नये, नाहीतर देवळीतला फोन परत हातात येतो. पाच मिनिटांत अंगणात चक्कर मारावी, पाणी प्यावे, जनावरांना वैरण टाकावी. त्या पाच मिनिटांत टीव्ही लावू नये. तो पाच मिनिटांत सुटत नाही.

बसण्यापूर्वी आज काय करायचे ते लिहावे. “गणित” असे लिहू नये. गणित म्हणजे काय, सगळे पुस्तक? “वर्गसमीकरणे, पाच उदाहरणे” असे लिहावे. आम्ही मजुराला “रानात काम कर” म्हणून सांगत नाही, अमक्या सरीपासून तमक्या सरीपर्यंत बांधणी असे सांगतो. अभ्यास करताना मध्येच दुसरे काही आठवले, की मैत्रिणीची वही द्यायची आहे, सायकलची हवा गेली आहे, तर ते वहीच्या मागच्या पानावर टिपून ते कधी करायचे तेही लिहावे आणि पुढे चालावे. अर्धवट राहिलेले काम मनात टोचत राहते, पण ते कधी व कसे करायचे हे ठरवले की टोचणी कमी होते, असे अमेरिकेतील दोन संशोधकांनी २०११ साली दाखवले आहे. आम्हाला हा उपाय पोरांपेक्षा स्वतःलाच जास्त लागू पडला.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. त्या सभासदांचा पोरगा चार तास पुस्तक पुढे धरून बसे आणि त्याला काही सांगता येत नसे. तो लबाडी करत होता का? आम्ही पुढे त्यांच्या वस्तीवर प्लॉट पाहायला गेलो तेव्हा पोराला विचारले, तू अभ्यास करतोस म्हणजे नेमके काय करतोस? तो म्हणाला, “वाचतो.” मग? “परत वाचतो.” किती वेळा? “चार-पाच बार.” पुस्तक खरेच झिजले होते. खुणा करून करून पाने पिवळी झाली होती. आमच्या मुलीचेही तेच चालले होते, फक्त तिच्या खुणा गुलाबी होत्या.

वाचलेलेच पुन्हा वाचताना काय होते? डोळे ओळीवरून फिरतात, शब्द ओळखीचे वाटतात, मन म्हणते हे तर आपल्याला येते, आणि मन उठून विहिरीकडे जाते. डोळ्यांना ते गेल्याचा पत्ताही नसतो. लक्ष का लागत नाही याचे मोठे कारण हे आहे की लक्षाला करण्यासारखे कामच दिलेले नसते. रिकाम्या बैलगाडीला बैल झोपेतही ओढतात.

यावर अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. तो प्रत्येक पालकाने समजून घेण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार पाळ्यांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच पाळीत वाचला आणि बाकीच्या तीन पाळ्यांत उतारा न बघता जे आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना उताऱ्यातील शेकडा ४० भाग आठवला, लिहिणाऱ्यांना शेकडा ६१. आणि गंमत अशी, की आपल्याला आठवड्याने चांगले आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. आमच्या मुलीचा आणि त्या पोराचा घोळ नेमका इथेच होता. रात्री झोपताना सगळे येत असे. परीक्षेत जात असे.

हार्वर्डमधील संशोधकांनी २०१३ साली याच्या पुढची गोष्ट दाखवली. विद्यार्थ्यांना व्हिडिओवर व्याख्यान दाखवले. ज्यांना मधून मधून छोट्या परीक्षा दिल्या, त्यांचे मन भटकण्याचे प्रमाण इतरांच्या निम्म्यावर आले. म्हणजे आठवून लिहिण्याने नुसते लक्षात राहते असे नव्हे, तर लक्ष लागतेही. थोड्या वेळाने विचारणार आहेत हे माहीत असले की मन विहिरीवर जात नाही.

घरी आम्ही ते असे केले. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाचा पहिलाच धडा आहे. त्यात केप्लरचे तीन नियम आहेत. मुलीने ती दोन पाने नीट एकदा वाचली. मग पुस्तक मिटून शेजारच्या खोलीत ठेवले आणि कोरा कागद घेतला. तीनपैकी दीड नियम आला. ज्या धड्याला तिने चार वेळा गुलाबी रंग दिला होता, त्यातला दीड! ती रडकुंडीला आली. आम्ही म्हटले, हे तुला आज कळले हे बरे झाले, मार्चमध्ये कळले असते तर? मग पुस्तक उघडून राहिलेले पाहिले, पुन्हा मिटले, पुन्हा लिहिले. वीस मिनिटे गेली. त्या वीस मिनिटांत तिने एकदाही मान वर केली नाही. ओसरीवर वही घेऊन आम्ही बसलेलोच होतो.

यात एक अडचण आहे ती आधीच सांगतो. हे कष्टाचे काम आहे. पोराला वाटते आपल्याला काहीच येत नाही, आणि ते परत वाचण्याकडे वळते. पहिले आठ दिवस सोबत कोणीतरी लागते. आईबापाचे शिक्षण कमी असले तरी काही बिघडत नाही. पोराने लिहिलेला कागद आणि पुस्तक शेजारी ठेवून किती ओळी जुळतात एवढे पाहता येते. किंवा “मला समजून सांग” म्हणावे आणि ऐकत बसावे. न समजणारा ऐकणारा असला की पोर जास्त नीट सांगते, हा आमचा अनुभव आहे.

आणि हे एकाच दिवशी दाबून करू नये. जर्मनीतील हर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून लिहिले आहे. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करी. एकाच दिवशी सलग ६८ वेळा घोकून जे पदरात पडले, तेच तीन दिवसांत वाटून ३८ वेळा घोकल्याने पडले. आपण हे उसात रोज पाहतो. महिन्याचे पाणी एका रात्रीत मोकाट सोडले तर जमीन ते पीत नाही, ते खाली निघून जाते, वरून रान चिबडते. तेच पाणी ठिबकने थोडे थोडे दिले तर मुळाशी राहते. पोरांना मात्र आपण परीक्षेच्या आदल्या रात्री पाट फोडून देतो.

आदल्या रात्रीवरून झोपेची गोष्ट निघते. आम्ही स्वतः पदविकेच्या पहिल्या वर्षी मृदाशास्त्रात राहिलो होतो. आदली रात्र चहावर जागून काढली होती, आणि पेपरात दुसरा प्रश्न वाचता वाचता डोळा लागला. चहातील द्रव्याचा निम्मा अंमल पाच-सहा तासांनीही शरीरात असतो, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९२४ साली दोन विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. पाठ करून झोपल्यावर आठ तासांनी जेवढे आठवले ते पाठ करून आठ तास जागे राहिल्यावर आठवलेल्यापेक्षा कितीतरी जास्त होते. झोपेत शिकलेले मुरते. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असे अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली जाहीर केले आहे.

आणि आता त्या वस्तीवरचे उरलेले. पोराशी बोलता बोलता कळले की आठवड्यातून दोन-तीन रात्री उसाला पाणी तोच धरतो. त्यांच्या फिडरला वीज रात्रीची. बारा वाजता मोटार चालू करायची, बारे फिरवत पहाटे चारला घरी, सातला शाळेची एसटी. वडील म्हणाले, “आमी बी धरलंच की पानी पोरवयात.” आम्ही विचारले, तुम्ही दुसऱ्या दिवशी बीजगणित सोडवत होता का? ते काही बोलले नाहीत. बोलू नये ते आम्ही बोललो असे वाटले, पण दुसऱ्या आठवड्यात त्यांनी चुलतभावाशी पाण्याच्या पाळीची अदलाबदल केली आणि फेब्रुवारी-मार्च रात्रीचे पाणी स्वतः धरले. पोरगा शेकडा ५८ गुणांनी पास झाला. “जास्ती पायजे हुते,” असे वडील म्हणाले. पण त्याला ट्रॅक्टरवर बसवला नाही. तो आता अकरावीला विज्ञानाला आहे. रात्रीचे पाणी पोरांनी धरूच नये असे म्हणायला आम्हाला तोंड नाही, शेतकऱ्याच्या घरात हात मोजके असतात. परीक्षेपूर्वीचे दोन महिने तेवढे सोडावेत. जिथे सौर योजनेतून दिवसाची वीज मिळू लागली आहे तिथे हा प्रश्न सुटतो आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. साखर खाल्ल्याने डोके तरतरीत होते असा समज आहे. आमची भाकरी साखरेवर आहे, तरीही खरे ते सांगतो. २०१९ साली या विषयावरील प्रयोग एकत्र करून तपासले तेव्हा साखरेने हुशारी येते असे दिसले नाही. उलट पहिल्या तासात सुस्ती वाढलेली आढळली. चहात टाका, सणाला पोळ्या करा, पण अभ्यासासाठी म्हणून पोराला साखर चारू नका. आपला खप त्याने कमी होणार नाही. मुलींच्या बाबतीत रक्त तपासून घ्यावे. देशात १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले आहे. अंगात लोह कमी असले की थकवा येतो, लक्ष टिकत नाही, आणि आपण म्हणतो पोरगी आळशी. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळते ती खिडकीतून टाकू नये, आणि गोळीवर लगेच चहा पिऊ नये. तसेच डोळे तपासावेत. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून गप्प बसणारे पोर वर्गात नेहमी बेलक्षी ठरते. आणि लहानपणापासूनच पोर सगळीकडे, घरी, शाळेत, खेळातही एका जागी ठरत नसेल, तर मारझोड न करता डॉक्टरांना दाखवावे. तो स्वभावाचा दोष नसतो.

शेवटी कारखान्याच्या बाजूचे. दहावी-बारावीच्या परीक्षा आणि गाळप हंगाम एकाच वेळी येतात. रात्री दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर गावठाणातून गाणी लावून जातो तो आपल्याच कारखान्याचा ऊस घेऊन. तेवीस रेघांतल्या दोन आमच्याच खात्याच्या होत्या, हे आम्ही विसरलो नाही. वाहतूक कंत्राटदारांच्या बैठकीत हा विषय आम्ही मांडला. संध्याकाळी सातनंतर गावठाणात टेप बंद ठेवण्याचे त्यांनी कबूल केले आहे. सगळे पाळतात असे नाही. जो पाळत नाही त्याच्या गाडीचा नंबर गट ऑफिसला कळवावा. तोडीचा प्रोग्राम लागणीच्या तारखेप्रमाणे असतो, तो परीक्षेसाठी बदलणे आमच्या हाती नाही. पण पोराला फडावर उभे करण्याची गरज नाही. ज्यांच्या घरी परीक्षा आहे त्यांनी चिटबॉयला सांगून ठेवावे, गाडी भरून वजनाला जाईपर्यंत तो थांबेल.

तोडणी कामगारांच्या कोप्यांतही दहावीला बसलेली चार-पाच मुले दर वर्षी निघतात. त्यांच्याकडे देवळी नाही, दुसरी खोली नाही, पुष्कळदा दिवाही नाही. त्यांना एकाग्रतेवर चार शब्द सांगायला आम्हाला लाज वाटते. म्हणून कार्यकारी संचालक साहेबांच्या परवानगीने गट ऑफिसची मागची खोली, जिथे बेण्याची औषधे ठेवत होतो, ती रिकामी करून घेतली आहे. जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत ती रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ उघडी राहील. दिवे आणि सतरंज्या आहेत. सभासदांची आणि तोडणी कामगारांची, दोघांचीही मुले बसू शकतील. वही-पेन आणि पिण्याच्या पाण्याची बाटली आपली आणावी. फोन दाराशी ठेवलेल्या पेटीत जमा करावा लागेल. किल्ली वॉचमनकडे आहे.